ग्वाल्हेरहून परदेशी जाताना: टर्मिनल तीन आणि दिल्लीतला जास्तीचा दिवस

दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि तारखेचा सगळा घोळ तिथेच होतो. तिकिटावर १५ तारीख, रात्री १:४० लिहिलंय, म्हणजे १४ तारखेला रात्री दहाच्या आधी सामानासकट विमानतळाच्या दारात. ग्वाल्हेरहून रेल्वेचं तिकीट काढायच्या आधी हे घरातल्या सगळ्यांना एकदा नीट सांगा. विशेषतः स्टेशनवर सोडायला येणाऱ्या काकांना.

मी आई-बाबांना घेऊन धाकट्या भावाकडे नेदरलँड्सला गेले, ते दिवस जानेवारीचे. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात सकाळी खिडकीतून समोरचं घर दिसत नव्हतं. अशा धुक्यात आपल्याकडून दिल्लीला जाणाऱ्या गाड्या कितीही तास उशिरा धावतात. विमानही उशिरा सुटेल, या भरवशावर राहू नका. दाट धुक्यात विमानं उतरवण्याची यंत्रणा दिल्लीला आहे, आणि तुमची गाडी मथुरेच्या अलीकडे अडकलेली असताना विमान वेळेवर निघून जाऊ शकतं. डिसेंबर-जानेवारीत आदल्या दिवशीच दिल्ली गाठा. हॉटेलचा एक जास्तीचा खर्च होतो, पण चुकलेल्या विमानापुढे तो काहीच नाही. शिवाय तो दिवस मोकळा मिळतो, त्याचं काय करायचं ते पुढे सांगतेच.

जाताना आम्हाला गतिमान एक्स्प्रेस सोयीची पडली. ही गाडी सकाळी दिल्लीच्या निजामुद्दीन स्टेशनहून सुटून झाशीला जाते आणि दुपारनंतर परत फिरते. ग्वाल्हेरला ती चारनंतर येते आणि निजामुद्दीनला साधारण साडेसातला सोडते. ताजी वेळ पाहूनच निघा. निजामुद्दीनला सराय काले खाँच्या बाजूला पिंक लाइनचं मेट्रो स्टेशन आहे. ती धरून दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पसला उतरायचं. तिथून एक लांबलचक बंदिस्त पूल धौला कुआँ स्टेशनपर्यंत जातो, त्यावर सरकते पट्टे आहेत. धौला कुआँहून एअरपोर्ट एक्स्प्रेस म्हणजे ऑरेंज लाइन पकडली की दुसरं स्टेशन विमानतळाचं टर्मिनल ३, परदेशी विमानं सुटतात ते. वाटेत विनोबापुरी लागतं, मग या दुर्गाबाई. त्या मूळच्या आंध्रातल्या, संविधान सभेच्या सदस्य आणि आपल्या चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी, हे बाबांनी परतताना मेट्रोत शेजारच्या अनोळखी मुलालाही सांगितलं.

पाठीवरची पिशवी आणि एखादी चाकाची बॅग असेल तर हा मार्ग झकास. पण माणशी दोन मोठ्या बॅगा आणि सोबत गुडघेदुखी असेल तर स्टेशनवरून सरळ टॅक्सी करा. आम्ही तेच केलं. पिंक लाइन आणि तो पूल मी परतीच्या वाटेवर चाललेय, म्हणून सांगते आहे.

विमानतळाजवळ मुक्कामासाठी दोन जागा आहेत. एरोसिटी स्वच्छ, महाग, आणि तिथे ऑरेंज लाइनचं स्वतःचं स्टेशन आहे. महामार्गापलीकडचं महिपालपूर स्वस्त; गल्लोगल्ली हॉटेलं आणि रात्रभर हॉर्न. आम्ही महिपालपुरात राहिलो. ‘विमानतळापर्यंत मोफत सोडू’ असं सांगणाऱ्या आमच्या हॉटेलने निघायच्या वेळी त्याचे वेगळे पैसे मागितले. मोफत म्हणजे नक्की काय आणि रात्री किती वाजेपर्यंत, हे खोली घेतानाच विचारून घ्या. खोली दुपारी सोडावी लागते, पण सामान रात्रीपर्यंत ठेवू देतात. हेही आधी ठरवा, कारण दिवसभराचा बेत त्याच्यावरच अवलंबून आहे.

आता तो मोकळा दिवस. इंडिया गेट आणि कुतुबमिनार बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेले असतात. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने दिल्लीत लाल किल्ल्यापासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे. एरोसिटीहून नवी दिल्ली स्टेशन, तिथून यलो लाइनने कश्मीरी गेट, आणि तिथून व्हायोलेट लाइनचं एकच स्टेशन, लाल किला. सोमवारी किल्ला बंद असतो, आणि पंधरा ऑगस्टच्या आधीही काही दिवस आत सोडत नाहीत.

दिवाण-ए-खासच्या छताला एके काळी चांदी होती. पानिपताच्या आधी, १७६० मध्ये, सदाशिवरावभाऊंनी फौजेच्या खर्चासाठी ती काढून वितळवली. आता वर लाकडी छत आहे. बाबा तिथे मान वर करून मोठ्याने म्हणाले, “बघ, आपल्याच लोकांनी नेली ती.” आई म्हणाली, “अहो, हळू बोला, भरून मागतील.” त्याच किल्ल्यात १७७२ च्या जानेवारीत बादशहा शाह आलम महादजी शिंद्यांच्या पाठबळावर परत आला. १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरने त्याचे डोळे काढले तेही इथेच, आणि मग महादजींच्या फौजेने गुलाम कादिरला धरून ठार केलं. ग्वाल्हेरात ज्यांच्या समाधी-छत्र्यांवरून आपण रोज जातो, त्या घराण्याचा सगळ्यात मोठा माणूस या दालनांत वावरला होता. तिथल्या माहितीफलकांवर मात्र मला त्याचा काही उल्लेख सापडला नाही. घरून वाचून जा. किल्ल्यात चालणं भरपूर आहे आणि आत रिक्षा येत नाही. ज्येष्ठ सोबत असतील तर दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खास एवढंच धरा, बाकी सोडून द्या.

जेवायला पुन्हा व्हायोलेट लाइन, उतरायचं मंडी हाउसला. तिथून रिक्षा करताना ‘महाराष्ट्र सदन’ एवढंच सांगितलं तर पंचाईत होते, कारण सदनं दोन आहेत. जुनं कोपर्निकस मार्गावर, अगदी जवळ. नवं, २०१३ मध्ये सुरू झालेलं, कस्तुरबा गांधी मार्गावर. आम्ही नव्या सदनात गेलो. थालीपीठ बरं होतं. मिसळ मात्र दिल्लीकरांच्या जिभेला सांभाळून केलेली. तरी मराठी ताट समोर पाहून आईचा थकवा निम्मा उतरला. दुपारच्या जेवणाची वेळ गाठा, तीननंतर काही उरेलच असं नाही.

त्याच लाइनीवर पुढे कालकाजी मंदिर. देवळाचा जुना भाग १७६४ च्या सुमारास मराठ्यांनी बांधल्याचं सांगतात. वास्तू म्हणून पाहायला जाल तर निराशा होईल. संगमरवरी लाद्या, रेलिंग आणि प्रसादाच्या दुकानांची ओढाताण. दर्शनाला जाल तर उत्तम. नवरात्रात तिकडे फिरकू नका. बाबांना पटपडगंजच्या लढाईचं स्मारकही बघायचं होतं. १८०३ च्या सप्टेंबरात जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या फौजेला हरवलं आणि दिल्ली आपल्या हातून कायमची गेली, ती ही लढाई. पण ते स्मारक नोएडाच्या गोल्फ मैदानात आहे, आणि रात्री विमान असताना यमुनेपलीकडे जायला मी ठाम नकार दिला.

कालकाजीहून परतताना एक सापळा आहे. तिथून मॅजेंटा लाइन थेट ‘टर्मिनल १ आयजीआय एअरपोर्ट’ला जाते. नाव वाचून लोक खुशाल बसतात. टर्मिनल १ देशांतर्गत विमानांसाठी आहे आणि टर्मिनल ३ पासून रस्त्याने कित्येक किलोमीटर दूर आहे. आंतरराष्ट्रीय विमानासाठी ऑरेंज लाइन आणि टर्मिनल ३, दुसरं काही नाही.

टर्मिनल ३ हे २०१० चं बांधकाम. प्रस्थान वरच्या मजल्यावर, आगमन खाली. दारात पासपोर्ट आणि तिकीट दाखवायचं; सोडायला आलेल्यांनी निरोप बाहेरच घ्यायचा. देशांतर्गत प्रवासात चालणारं डिजियात्रा, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडणारं ॲप, परदेशी विमानासाठी उपयोगाचं नाही. वारंवार जाणाऱ्यांनी गृहखात्याच्या संकेतस्थळावर ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन’ची नोंदणी करावी. बोटांचे ठसे दिले की २०२४ पासून इथे इमिग्रेशनला ई-गेटने, म्हणजे स्वयंचलित दाराने सुटका होते. व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा. आईला ती नको होती, “मी काय आजारी आहे?” म्हणून. पण सुरक्षा तपासणीपासून गेटपर्यंतचं अंतर पाहून नंतर काही बोलली नाही. सरकते पट्टे आहेत, तरी शेवटच्या गेटपर्यंत वीस मिनिटं सहज जातात. दुकानांत रेंगाळायच्या आधी गेट कुठे आहे ते बघून या.

सामानाबद्दल दोन शब्द. सुकं खोबरं तेलकट आणि ज्वालाग्राही म्हणून विमानात घेत नाहीत. वाटी खोबरं घरीच ठेवा. लोणचं हातातल्या पिशवीत चालत नाही, ते मोठ्या बॅगेत, दुहेरी पिशवीत बांधून. पॉवर बँक बरोबर उलट, ती हातातच ठेवायची. मुरैन्याची गजक, म्हणजे तिळाची खुसखुशीत मिठाई, मात्र बिनधास्त न्या. कुठे अडत नाही, फक्त चुरा होतो, म्हणून डबा घट्ट भरा.

परतताना उतरल्यावर इमिग्रेशनच्या खिडक्यांवर, तांब्याच्या चकत्यांसमोर हस्तमुद्रांची ती प्रसिद्ध शिल्पं दिसतात. तिथेच घोळका करून फोटो काढू नका, रांग मागे पडते. ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीसाठी समोरच्या बहुमजली पार्किंगमध्ये जावं लागतं. विमान पहाटे उतरलं तर ऑरेंज लाइन पाचच्या आतबाहेर सुरू होते. धौला कुआँ, तो पूल, पिंक लाइन, असं करत आठच्या गतिमानसाठी निजामुद्दीन गाठता येतं, आणि अकराच्या सुमारास ग्वाल्हेर. शुक्रवारी गतिमान नसते. त्या दिवशी उतरणार असाल तर दुसऱ्या गाडीचं तिकीट आधीच काढून ठेवा.