रुळाखालची जमीन : आमची वाटचाल

कॉम्पॅक्टर, म्हणजे रुळांवर सरकणारे दप्तरांचे रॅक, अडतोय म्हणून बोलावणं आलं की आम्ही मधलं एक युनिट ढकलून सोडून देतो. ते आपोआप एका बाजूला सरकलं, तर दोष जमिनीचा. कुपवाडच्या शेडमध्ये सुरुवातीला नुसते रॅक बनायचे. ‘जमीन ग्राहकाने करून द्यावी’ ही ओळ कोटेशनमध्ये छापलेली असायची. त्याच ओळीने आम्हाला बुडवत आणलं.

एका पतसंस्थेची तळमजल्यावरची रेकॉर्ड रूम. खाली काळी माती, वर टाइल. आम्ही रूळ टाइलवरच स्क्रूने आवळले. पहिल्याच पावसाळ्यात माती फुगली, मधला रूळ ७ मिलिमीटर उचलला गेला, पोकळ टाइल चाकांखाली फुटल्या. बिल अडकलं, पत्रा उधार मिळेना.

त्याच सुमारास ‘फरशी न फोडता दोन दिवसांत’ म्हणणाऱ्या एकाने आमची कामं नेली. त्याचा दर आजही कमीच, कारण त्यात जमीन धरलेलीच नसते. ते रूळ वाकले की दुरुस्तीला आम्हीच जातो, आणि वर आम्हालाच विचारतात, तुमचा दर एवढा का? याचं वाईट वाटतं.

तगलो ते आमच्या मिस्त्रींमुळे. आता ऑटो लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण आहे, तरी ते लेव्हल पाईप, ती पाणी भरलेली पारदर्शक नळी, काढतातच. आत एक बुडबुडा राहिला तरी पाणी ओतून पुन्हा भरतात. मग ३ मीटरची अ‍ॅल्युमिनियम पट्टी. तिच्याखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली की काम थांबतं.

तळमजल्यावर काळी माती काढून मुरूम भरायचा, पाणी मारून थराथराने दाबायचा, वर सोलिंग (दगडांचा थर) आणि लोखंडी जाळीचं काँक्रीट. रुळासाठी खाच सोडायची. लोखंडी पट्ट्यांच्या पॅकिंगवर रूळ लेव्हलला आणून खाली न आकसणारा ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ मसाला, भरायचा. पॅकिंगवरच सोडलेला रूळ दोन पट्ट्यांच्या मध्ये झोल खातो. रुळाचा माथा आणि फरशी एका पातळीत हवी, नाहीतर ट्रॉली अडखळते.

वरच्या थराला कार्पेट नको, धूळ धरतं. पीव्हीसी शीटही कागदाजवळ नको. उघडं काँक्रीट भुकटी सोडतं, म्हणून इपॉक्सीचा लेप. त्याआधी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून २४ तास चिकटवा. आतून दव धरलं तर थांबा; ओल्या स्लॅबवरचं इपॉक्सी फुगून सुटतं. वास पूर्ण गेल्याशिवाय दप्तरं आत आणू नका. भाड्याच्या जागेत फरशी फोडता येत नाही, म्हणून वर प्लायचा डेक, म्हणजे उचललेली फळ्यांची जमीन, करावा लागतो. पण खाली धूळ साचते, वाळवी लागते, प्लायची वाफ कागदाला बाधते. कडा सील केल्याशिवाय आम्ही तो देत नाही.

२०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. तेव्हापासून सांगलीत जो तो म्हणतो, रेकॉर्ड वर न्या. बरोबरच आहे. पण ऑफिसचा स्लॅब साधारण २५० ते ४०० किलो प्रति चौरस मीटर धरून केलेला असतो, आणि ठासून भरलेला कॉम्पॅक्टर चौरस मीटरला टनाच्या पुढे जातो. स्ट्रक्चरल इंजिनीअरचं पत्र हातात आल्याशिवाय आम्ही वरच्या मजल्यावर रूळ टाकत नाही.

आता कोटेशनचं पहिलं पान जमिनीचं असतं : भार, ओल, लेव्हल. रॅकचा दर दुसऱ्या पानावर.