अण्णा सापडले

काल सकाळी सातच्या सुमारास आमचे अण्णा डोंबिवलीच्या घरातून निघून गेले. माझे सासरे, वय ७८, तीन वर्षं झाली डिमेन्शियाला, दार उघडं राहिलं आणि मी गॅसपाशी होते, एवढंच. बिल्डिंग, गार्डन, देवळं, रिक्षा स्टँड सगळं पालथं घातलं, शेजारचे म्हणाले २४ तास थांबावं लागतं मग कंप्लेंट घेतात. अजिबात थांबू नका हो, असा काही नियम नाहीये, सरळ ११२ ला फोन करा आणि लेटेस्ट फोटो घेऊन पोलिस स्टेशनला जा!

रेल्वे पोलिसांनी सीसीटीव्ही बघितलं तर अण्णा सीएसएमटी स्लो लोकलमध्ये चढताना दिसले, हातात डब्याची पिशवी, आत डबाच नाही. ते बघून नणंद एकदम म्हणाली, अगं वहिनी, ते मिलमध्ये गेलेत.

१९८२ च्या गिरणी संपानंतर जी मिल त्यांच्यासाठी सुटली ती सुटलीच, आता तिथे टॉवर आहे. पण करी रोडला उतरून पाय त्यांना बरोब्बर तिकडेच घेऊन गेले. दुपारी चारला गेटपाशी भेटले, वॉचमनदादांनी सावलीत खुर्ची देऊन चहा पाजला होता, त्यांचे उपकार कसे फेडू. मला बघून अण्णा म्हणाले, "पाळी चुकली गं, जॉबर खाडा लावेल." जॉबर म्हणजे मिलमधला मुकादम.

आज त्यांच्या सगळ्या सदऱ्यांच्या आतून मार्करने माझा नंबर लिहिलाय. हात अजून थरथरतायत.