केमन एसचे नवे टायर: दोन घ्यायला निघालो, चार घेतले

५८,२१० किमी

मागचे दोन टायर बदलायचे, एवढंच काम ठरलं होतं. गेल्या नोंदीत दोन तक्रारी लिहिल्या होत्या. मागच्या डाव्या टायरची आतली कड गुळगुळीत दिसतेय, ही एक. ओल्या वळणावर गाडीचं नाक बाहेर सरकतं, ही दुसरी. पहिलीला टायर जबाबदार आणि दुसरीला सस्पेन्शन, असं मी मनाशी धरून बसलो होतो. पुढच्या टायरांवर खाचा चांगल्या दिसत होत्या, त्यामुळे त्यांच्याकडे कोण बघतो!

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: गाडी पोर्शेची, ९८७ पिढीची केमन एस, ३.४ लिटरचं इंजिन, मॅन्युअल, १९ इंची चाकं. टायर पुढे २३५/३५, मागे २६५/३५ (रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के).

गाडी जॅकवर घेतली आणि खोली मोजायचा गेज काढला. आजवर मी फक्त मधल्या खाचेत गेज घालत आलो. या वेळी आतली, मधली, बाहेरची अशा तिन्ही ठिकाणी मोजलं. मागचा डावा: आत २.१, मध्ये ३.६, बाहेर ४.४ मिलिमीटर. मागचा उजवा: ३.०, ३.७, ४.२. पुढचे दोन्ही साधारण सारखे, मध्ये ४.३ आणि बाहेरच्या खांद्यावर ३.४. झिजेची खूण १.६ वर असते. मधल्या खाचेत ३.६ दिसले की माणूस निर्धास्त होतो, आणि आतली कड तोवर संपायला आलेली असते. रुंद आणि आत झुकलेल्या मागच्या चाकांच्या गाडीत ती कड वाकून, टॉर्च लावल्याशिवाय दिसतच नाही.

मागची दोन्ही चाकं आतून जास्त झिजणं समजू शकतं, कॅम्बर, म्हणजे चाकाचा आतला झुकाव, असतोच. पण डावं उजव्यापेक्षा एवढं पुढे? हे कॅम्बरचं काम वाटेना. त्याचं पुढे येईल.

५८,२१० किमी, त्याच रात्री

चाकं उतरवलीच आहेत तर तारखा बघू म्हटलं. साइडवॉलवर डॉट या अक्षरांनी सुरू होणारा जो लांब कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. पूर्ण कोड बहुधा एकाच बाजूला असतो आणि नेमका आतल्या बाजूला गेलेला असतो. मागच्यांवर ३८१९ निघाले, म्हणजे २०१९ चा ३८ वा आठवडा. पुढच्यांवर १४१६.

गाडी घेतल्यापासून मी त्या पुढच्या टायरांच्या खाचा बघून खूश होतो, वय कधी विचारलंच नाही. नखाने दाबून बघितलं: मागच्या रबरात नख थोडं रुततं, पुढच्यावर घसरतं. ही काही शास्त्रीय चाचणी नव्हे, पण ओल्या वळणावरचं सरकणारं नाक लगेच आठवलं. रबर जुनं होताना कडक होतं, आणि प्रत्येक वेळी तापून थंड होण्याने त्यात भर पडते. खाच पाणी बाहेर काढते, पकड रबर देतं. पुढच्या चाकांना खाचा होत्या, रबर राहिलं नव्हतं.

पोर्शेवाल्यांना यासाठी वेगळं उदाहरण द्यायला नको. २०१३ साली अभिनेता पॉल वॉकर ज्या करेरा जीटीत होता, तिच्या अपघाताच्या तपासात अतिवेगाबरोबर नऊ वर्षं जुन्या टायरांचाही उल्लेख झाला. कमी चालणाऱ्या गाड्यांचा हा हमखास सापळा आहे. टायर झिजून बाद व्हायची आपण वाट बघतो आणि ते आधीच म्हातारे झालेले असतात.

तर दोनाचे चार झाले.

५८,३९० किमी

आता निवड. इथे मी तीन आठवडे घालवले.

माप बदलायचा मोह आधी निकाली काढतो, कारण तो प्रत्येकाला होतो. पुढे २३५ ऐवजी २४५/३५ घातला तर पुढची पकड वाढेल, नाक सरकणं थांबेल, असं मला दोघांनी सुचवलं. कागदावर हिशेब केला. २३५/३५ आर १९ चा व्यास ६४७ मिमी, २६५/३५ चा ६६८. फरक २१ मिमी. पुढे २४५/३५ घातला की तिथला व्यास ६५४ होतो आणि फरक १४ वर येतो. पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्याचं प्रमाण साधारण एक टक्क्याने बदलतं. ऐकायला किरकोळ, पण स्टॅबिलिटी कंट्रोल याच चाकांच्या वेगांची तुलना करून चाक घसरतंय की नाही ते ठरवतं. म्हाताऱ्या रबरावरचा इलाज म्हणून मूळ मापाशी खेळायची मला गरज दिसेना. शिवाय २६५ म्हणजे सगळ्यांचं २६५ सारखं नसतं. वेगवेगळ्या कंपन्यांचे त्याच मापाचे टायर शेजारी ठेवले तर प्रत्यक्ष रुंदीत आणि खांद्याच्या आकारात डोळ्यांना कळेल एवढा फरक निघतो.

वेगाचं अक्षर: डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किमी, वाय म्हणजे ३००. या गाडीचा कमाल वेग २७० च्या थोडा वर जातो, म्हणून वायच. मी त्या वेगाच्या आसपासही जात नाही, पण कमी अक्षराचा टायर घालून वाचवायचं काय?

भार निर्देशांकाबाबत मात्र माझाच गैरसमज होता. मूळ पुढचा ८७ म्हणजे ५४५ किलो, मागचा ९४ म्हणजे ६७० किलो. आज या मापात मिळतात ते बहुतेक एक्सएल, म्हणजे जादा भार झेलणाऱ्या बांधणीचे, पुढे ९१ आणि मागे ९८. म्हणजे ६१५ आणि ७५० किलो. आकडा मोठा म्हणजे टायर दणकट, मग हवा थोडी कमी चालेल, असं मी समजत होतो. उलट आहे. साध्या टायरची कमाल क्षमता २.५ बारला मोजतात, एक्सएलची २.९ बारला. हवा तीच ठेवली तर एक्सएलकडून जादा क्षमता मिळत नाही. म्हणून एक्सएल घातला तरी हवा कमी करायची नाही.

एन खूण. पोर्शेने स्वतःच्या गाडीवर तपासून मान्य केलेल्या टायरवर एन ० , एन १ अशी खूण असते. आकडा त्या टायरच्या आवृत्तीचा, दर्जाचा नव्हे. एन २ म्हणजे एन ० पेक्षा जास्त चिकट असं काही नाही. बीएमडब्ल्यूची चांदणी आणि मर्सिडीझचं एमओ हाच प्रकार. एन खूण असलेला टायर बाहेरून तसाच दिसला तरी आतली बांधणी आणि रबर वेगळं असू शकतं. म्हणून खरा नियम असा की चारही एकाच खुणेचे असावेत. पुढे एन आणि मागे साधा अशी खिचडी केली तर गाडीचा तोल कुठे जाईल ते कोणी सांगू शकत नाही. मला हव्या मापात चारही एकाच आवृत्तीचे मिळेनात, तेव्हा चारही बिनखुणेचे घ्यायचं ठरवलं. काहीजण यावर नाक मुरडतील. मुरडोत.

राहिला मुख्य वाद: मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २ की पायलट स्पोर्ट ४ एस?

मन ट्रॅककडे झुकणाऱ्या कप २ कडे होतं, खोटं कशाला बोलू. त्याचा ट्रेडवेअर (साइडवॉलवर छापलेला एक आकडा) १८०, ४ एसचा ३००. हा आकडा जेवढा कमी तेवढी पकड जास्त, असं आपण बोलताना धरून चालतो. पण तो आकडा झिजेचा आहे, पकडीचा नाही. चाचणी टेक्सासमध्ये ठरलेल्या मार्गावर ७,२०० मैल, म्हणजे साधारण ११,६०० किमी चालवून, प्रमाण टायरशी तुलना करून होते, आणि शेवटचा आकडा कंपनी स्वतः लावते. हौशी शर्यतींच्या नियमांत बरेचदा किमान २०० ची अट असते. बाजारात बरोबर २०० लिहिलेले चिकट टायर एवढे का आहेत, ते यावरून समजून घ्या. त्याच्या शेजारचं ए किंवा डबल ए हे अक्षर ओल्या रस्त्यावर सरळ रेषेतल्या पकडीचं. वळणाबद्दल ते काहीच बोलत नाही.

मग माझी वही उघडली. गेल्या वर्षभरात ९,००० किमी, त्यात ट्रॅकचे दिवस तीन. बाकी सगळं रस्त्यावर, त्यातले बरेच पहाटे, थंड डांबरावर, आणि पावसातही. रबराचं तापमान तापमापक बंदुकीने मोजायची मला खोड आहे. रस्त्यावरच्या नोंदींत ते क्वचितच ४५ अंशांच्या वर गेलंय. कप २ सारखं रबर खरं खुलतं ते ट्रॅकवर तापल्यावर. थंड आणि ओल्या रस्त्यावर तो संयमाने चालवायचा टायर आहे, आणि साचलेल्या पाण्यात तर फारच. वर्षातल्या तीन दिवसांसाठी उरलेले सगळे दिवस अर्ध्या तापलेल्या रबरावर काढायचे? ट्रॅकसाठी चाकांचा दुसरा संच असता तर मी दोन्ही घेतले असते. तो नाही, म्हणून ४ एस.

४ एसच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. या टायरच्या ट्रेडमध्ये दोन वेगळी रबरं आहेत. बाहेरच्या बाजूला कोरड्या वळणासाठी, आतल्या बाजूला सिलिकायुक्त, ओल्या रस्त्यासाठी. आता माझी मोजमापं पुन्हा वाचा. माझी गाडी मागच्या चाकांची नेमकी आतली बाजू खाते. म्हणजे टायर बदलून अलाइनमेंट तशीच ठेवली, तर पावसासाठी मोजलेलं रबरच आधी संपणार.

५८,७०० किमी

टायर आले. मागच्या दोघांच्या तारखांत सव्वादोन वर्षांचा फरक. विक्रेत्याचं म्हणणं, दोन्ही 'नवेच' आहेत. न वापरलेले होते हे खरं, पण एकाच अॅक्सलवर दोन वयांचे टायर नकोत म्हणून जुना परत पाठवला, नऊ दिवस गेले. बसवायला देण्याआधी कोड वाचा. एकदा रिमवर चढला की परत घ्यायला कोणी तयार होत नाही.

५८,७१५ किमी

बसवणं. ४ एसला फिरण्याची दिशा नाही, पण आत-बाहेर आहे, साइडवॉलवर लिहिलेलं असतं. मी मशिनशेजारी उभा राहून चारही वेळा वाचलं. टायरवाल्याला ते आवडलं नाही, आणि तिसऱ्या चाकाला त्याने आतली बाजू बाहेर चढवायला घेतलीच होती. त्यानंतर तोच मला प्रत्येक चाक दाखवू लागला. हवेच्या सेन्सरच्या बॅटऱ्या बदलता येत नाहीत आणि माझे जुने झाले होते, म्हणून टायर उतरलेले असतानाच चारही सेन्सर नवे घातले. बोल्ट हाताने लावून शेवटी टॉर्क पान्याने १३० न्यूटन-मीटर. पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासले.

दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट. मागच्या डाव्या चाकाचा टो-इन, म्हणजे चाकाचं पुढचं टोक आत वळलेलं असणं, उजव्यापेक्षा ०.२ अंशाने जास्त निघाला. ०.२ अंश म्हणजे काही नाही असं वाटतं ना? पुढे जाणाऱ्या प्रत्येक किलोमीटरला ते चाक साधारण साडेतीन मीटर आडवं ओढलं जातं. दोन्ही मागची चाकं ती ओढ वाटून घेतात असं धरलं तरी वर्षाच्या ९,००० किमीत ती काही किलोमीटरांवर जाते, आणि आत झुकलेल्या चाकात त्यातला बराच घास आतल्या कडेवर येतो. कॅम्बर दोन्हीकडे जवळपास सारखा होता. एवढे दिवस मी उगाच कॅम्बरला बोल लावत होतो.

५९,०५० किमी

पहिले ३०० किमी सांभाळून. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या पदार्थाचा अंश असतो, तो निघून जायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी स्टीअरिंग किंचित लोण्यासारखं वाटलं आणि मी चुकलो की काय असं मनात आलं. पूर्ण खोलीचे ट्रेडचे ठोकळे झिजलेल्यांपेक्षा जास्त हलतात, तेवढंच ते. २५० किमीनंतर तक्रार राहिली नाही. आवाज मात्र खराच कमी झालाय. मागून येणारी ती घरघर बेअरिंगची असावी अशी माझी शंका होती. टायरच होते.

५९,६२० किमी

पाऊस मिळाला. तेच वळण, तोच वेग. नाक सरकलं नाही. सस्पेन्शनच्या सुट्या भागांची जी यादी करून ठेवली होती ती फाडली.

६०,१८० किमी

ट्रॅकचा दिवस. हवेचा हिशेब घरूनच करून नेला होता: २० अंशांना ३० पीएसआय भरलेली हवा आतलं तापमान ७० अंशांवर गेलं की साध्या वायुनियमाने साडेसदतीसच्या आसपास जाते. प्रत्यक्षात चौथ्या फेरीनंतर पुढे ३७, मागे ३८ दिसले. म्हणून पुढच्या खेपेला थंड असतानाच कमी भरून सुरुवात केली, पिटमध्ये आल्यावर गरम हवा मोजून जुळवली, आणि परतीच्या रस्त्याला लागण्याआधी पुन्हा पूर्ववत केली. सहाव्या-सातव्या फेरीनंतर ४ एस जरा तेलकट होतो, कडा गोल झाल्यासारख्या वाटतात. कप २ इथे नक्की पुढे गेला असता. एक फेरी हळू मारली की ४ एसची पकड परत येते. पुढच्या टायरांचा बाहेरचा खांदा थोडा खडबडीत झालाय, कारण पुढे कॅम्बर वाढवायला मूळ बांधणीत फारशी जागाच नाही.

६०,६१० किमी

बसवल्यापासून १,८९५ किमी. मागचा डावा: आत ६.९, मध्ये ६.९, बाहेर ७.०. मागचा उजवा तिन्ही ठिकाणी ६.९. नवे असताना ७.४ होते. मागची चाकं आपसात डावी-उजवी बदलायचा बेत होता, तो तूर्त रद्द. पुढचं मोजमाप ६३,००० ला.