तव्यावरची तंबाखू

आशाताईंनी आणलेल्या फॉर्मच्या गठ्ठ्यात बायकांच्या नावांपुढे तंबाखूच्या रकान्यात ओळीने 'नाही, नाही, नाही' लिहिलेलं होतं. माण तालुक्यातल्या त्या गावात असं असणं शक्य नाही, हे मला ठाऊक होतं आणि आशाताईंनाही.

"अहो मॅडम, इचारलं मी. तंबाखू खाता का म्हटलं की न्हाई म्हणत्यात. मग मी काय लिहू?"

"आणि मिश्री?" मी विचारलं. बोटाने दातांना लावायची ती भाजलेली तंबाखूच.

"ती काय, समद्याच लावत्यात की."

मी दातांची डॉक्टर. सरकारी रुग्णालयात कंत्राटी नोकरी, आणि अधूनमधून अशी उपकेंद्रावरची शिबिरं. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर आणि तोंड तपासायचं, बायकांचं स्तन आणि गर्भाशयमुखही, असा सरकारी कार्यक्रम आहे. त्याआधी आशाताई घरोघरी फिरून फॉर्म भरतात. वय, कंबरेचा घेर, दारू, तंबाखू, घरात कुणाला काय आजार, अशा प्रश्नांना गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला आधी बोलवायचं. रोजच्या तंबाखूला दोन गुण. म्हणजे ते 'नाही' पडलं की बाई यादीत खाली घसरते, आणि ज्या बाईला मी सगळ्यात आधी बघायला हवं ती घरीच राहते.

फेब्रुवारी होता, ज्वारीची काढणी चाललेली. त्यामुळे बायका एक तर शेतावर जायच्या आधी यायच्या, नाही तर दुपार टळल्यावर. उपकेंद्रात दातांची खुर्ची नसते. प्लास्टिकची खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवायची, उजेड जेवढा मिळेल तेवढा घ्यायचा, बाकी बॅटरी. हातमोजे, आरसा, गॉज, जीभ दाबायची लाकडी पट्टी, एवढ्यावर काम भागतं. पण 'आ करा' म्हणायच्या आधी मी हात पुढे करायला सांगते. उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक काळपट, पिवळट झालेलं असलं की पुढचं बरंचसं कळतं. मग तोंड उघडायला लावून दातांच्या मध्ये बोटं बसवायची. त्यांची स्वतःची तीन बोटं उभी बसली तर ठीक. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांची दोन बसतात, कधी एकच. मिश्रीवाल्यांचं तोंड बहुधा नीट उघडतं. त्यांचं दुखणं पुढच्या हिरड्यांवर आणि ओठाच्या आतल्या खोबणीत असतं. जिथे बोट फिरतं तिथेच.

मिश्री कशी करतात ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बाजारातून सुटी काळी तंबाखू आणायची, लोखंडी तव्यावर पार काळी होईस्तोवर भाजायची आणि चुरून डबीत भरायची. भाजताना जो ठसका उठतो तो शेजारच्या दोन घरांपर्यंत जातो. म्हणून बाप्ये कामावर गेले की हे काम काढतात आणि पोरांना बाहेर पिटाळतात. सकाळी चहाच्या आधी पहिलं बोट. मग जेवणानंतर, दुपारी, झोपायच्या आधी. कुणी पाच मिनिटं घासते, कुणी अर्धा तास तोंडात धरून बसते.

अर्धा तास का, ते त्या उंबऱ्यावर बसल्याशिवाय कळत नाही. शेत, गुरं, चूल, पाणी यांतून बाईला 'आता बस' असं कोणी म्हणत नाही. तोंडात मिश्री असली की बोलता येत नाही, उठता येत नाही, आणि कोणी कामही सांगत नाही. मला त्या सवयीचा राग येतो, पण त्या अर्ध्या तासाचा येत नाही.

साडेअकराच्या सुमारास जवळच्या शाळेतले एक सर सातवी-आठवीची वीस-पंचवीस मुलं घेऊन आले. दातांची डॉक्टर आलीच आहे तर मुलांचेही दात बघून घ्या, म्हणाले. माझ्या कागदांवर ते नव्हतं, पण नाही कशाला म्हणायचं? शाळा तंबाखूमुक्त होती. दारावर फलक, आणि फाटकापासून शंभर यार्डांवर रस्त्यावर पिवळी रेष. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, असं २००३ चा कायदा सांगतो. ती रेष मुलांनीच मारली होती. शंभर यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर, हे सरांनी तिथल्या तिथे गणितात बसवून घेतलं होतं. मला तो प्रकार आवडला. पाठ केलेल्या घोषणांपेक्षा टेप धरून रस्त्यावर उभं राहिलेलं पोर जास्त शिकतं.

मुलं रांगेत आणि बायका बाकावर, अशी दोन्हीकडून गर्दी झालेली. मी एका आठवीतल्या मुलीची दाढ बघत होते. किडलेली होती, पण भरता येण्यासारखी. सहज विचारलं, घरी कोण तंबाखू, मिश्री वापरतं का?

"आज्जी लावती," तिने बाकाकडे बोट केलं. "काकीबी लावती. मीच आणते की दुकानातनं."

बाकावरून लगेच आवाज आला, "गप गं, वाचाळ!"

सरांचा चेहरा उतरला. "अगं, आपण शाळेत काय शिकलो?"

मुलगी गोंधळली नाही. उलट तिला वाटलं आपल्यावर आळ येतोय. "सर, दुकान रेषेच्या बाहीर हाय. आपण टेपनं मोजलं नव्हतं का?"

बाकावरच्या बायका हसल्या, मीही हसले. मग मात्र मला पुढची दाढ बघायला जरा वेळ लागला. मुलीचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. दुकान रेषेच्या पलीकडे होतं. त्याच कायद्याच्या त्याच कलमात अठरा वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकायची नाही असंही लिहिलंय, पण रस्त्यावर मारता येते ती फक्त अंतराची रेष. वयाची कुठे मारणार? आणि दुकानदाराच्या नजरेने तो त्या पोरीला तंबाखू विकतच नव्हता. तो म्हातारीला देत होता, पोर फक्त घेऊन जात होती. गावात अर्धं सामान असंच हलतं.

आज्जींचा नंबर आला. वय साठी-पासष्टीच्या मध्ये कुठेतरी. खालचे पुढचे दात मुळापर्यंत उघडे पडलेले, हिरडी खाली सरकलेली. ओठ बाहेर ओढला तसा आतल्या खोबणीत पांढरा चट्टा दिसला, बोटाच्या पेराएवढा. गॉजने पुसून पाहिला, निघाला नाही. पुसून निघणारा पांढरेपणा बुरशीचा किंवा अन्नाचा असू शकतो. न निघणारा मला आवडत नाही. आणि याची एक कड लालसर होती. नुसत्या पांढऱ्यापेक्षा लाल दिसलं की आम्ही जास्त घाबरतो.

मी हातात आरसा दिला. आज्जींनी मान वाकडी करून बघितलं.

"हे व्हय? हे लई दिसाचं हाय. दुखत न्हाई काय न्हाई."

दुखत नाही, हीच तर अडचण. दाढ दुखली की माणूस रात्री दोन वाजता दार ठोठावतो. चट्टा वर्षानुवर्षं गप्प बसतो. मी सांगितलं की तुकडा काढून तपासायला लागेल, साताऱ्याला सिव्हिलला जावं लागेल.

"सुगी झाल्यावर जाते."

सुगी झाल्यावर लग्नसराई, मग उन्हाळा, मग पेरणी. हा हिशेब मला पाठ आहे. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, तपासणीला पैसे पडणार नाहीत, पुढे काही निघालंच तर जनआरोग्य योजनेत उपचार होतील, असं सगळं मी सांगत होते. आज्जींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ज्वारी कोण काढल?" थोरला मुलगा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला दक्षिणेत. मजुराचा भाव त्यांना ठाऊक होता, मला नव्हता. या प्रश्नाला आरोग्य खात्याकडे फॉर्म नाही.

इतक्यात त्यांची धाकटी सून, म्हणजे त्या मुलीची काकी, आतल्या खोलीत नर्सताईंकडे गरोदरपणाच्या तपासणीला बसलेली दिसली. पाचवा महिना. मी बाजूला नेऊन विचारलं. आधी गप्प. मग म्हणाली, दुसऱ्या महिन्यात मळमळ थांबेना, तेव्हा सासूबाईंनीच बोट दिलं. "बरं वाटलं ओ मॅडम, खोटं कशाला बोलू." मुंबईतल्या गरोदर बायकांवरचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. धूर न करणारी तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी शंभर ग्रॅमच्या आसपास हलकी निघाली होती. सरासरी म्हणजे कुणाचं कमी, कुणाचं जास्त, हे मी तिला सांगत बसले नाही. बाळाचं वजन वाढवायला जे खातेस त्यातलं थोडं ही डबी काढून घेते, एवढंच सांगितलं. तिने मान हलवली आणि मग खरा प्रश्न विचारला, अगदी हळू आवाजात.

"पण मग पोट कसं साफ व्हायचं?"

यावर पुष्कळ डॉक्टर हसतात. हसू नये. निकोटिनने आतडी हलतात आणि ते बंद केलं की पहिले काही दिवस बद्धकोष्ठ होतो, हे पुस्तकातच आहे. बाई आपल्या शरीराचं बरोबर निरीक्षण सांगत असते आणि आपण तिला अडाणी ठरवतो. मी तिला सकाळी कोमट पाणी, पालेभाजी, इसबगोल, आणि पहिला आठवडा डोकं दुखेल, चिडचिड होईल, तो आठवडा काढ, असं सांगितलं. इसबगोलचं पाकीट नर्सताईंनी काढून दिलं. हिरडी लालसर होऊन रक्त आलं तर घाबरू नकोस, मला दाखव, हेही. निकोटिनचा च्युइंगम मी गरोदर बाईला असा हातोहात देणार नाही. आणि म्हाताऱ्यांना तो चावून गालात धरायला दात लागतात, तेच हलत असतात.

त्या दुपारी बाकीची तोंडं बघताना मनात सारखं एकच येत राहिलं. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तंबाखूच्या पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागा भीतिदायक चित्राला आणि लेखी इशाऱ्याला द्यावी लागते. एवढंच काय, टूथपेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालायला तर १९९२ पासूनच मनाई आहे. म्हणजे कारखान्यात मिश्री बनवून 'दंतमंजन' म्हणून डबीत विकली तर गुन्हा. पण आज्जींच्या तव्यावर कोण जाणार? तिथे पाकीट नाही, म्हणून चित्र नाही. सुटी तंबाखू वर्तमानपत्राच्या कागदात बांधून मिळते. आपली तंबाखूची सगळी धोरणं बाजारात मिळणाऱ्या मालासाठी घडलेली, म्हणजे बहुतेक पुरुषांच्या तंबाखूसाठी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे चार टक्क्यांच्या आतबाहेर निघाले आणि धूर न काढता तंबाखू घेणारे चोवीस टक्के. तरी तंबाखू म्हटलं की पोस्टरवर सिगारेटच असते.

तव्यावर बंदी घाला, असं मी म्हणत नाही. बंदी घालून बायकांची उंबऱ्यावरची डबी माजघरात जाईल, एवढंच होईल. पण रक्तदाबाची गोळी जशी उपकेंद्रावर महिन्याच्या महिन्याला मिळते आणि नाही नेली तर नर्सताई फोन करतात, तसं मिश्री सोडणाऱ्या बाईच्या मागे कुणी लागतं का? १८००-११-२३५६ हा सोडायला मदत करणारा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत. त्या बाकावर तो एकीलाही माहीत नव्हता. फोन बहुतेक घरी नवऱ्याच्या खिशात.

संध्याकाळी सामान आवरताना आशाताईंना म्हटलं, पुढच्या वेळी 'मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा' असंच विचारा आणि ते तंबाखूच्या रकान्यात धरा. त्या हो म्हणाल्या. मग पदराआडून हात पुढे केला. तर्जनीचं टोक काळपट होतं.

"मग माझं बी लिहू का?"

"आधी तुमचंच लिहा."

आज्जी सुगी संपायच्या आधीच साताऱ्याला गेल्या. मी काही विशेष केलं नाही. शाळेतल्या सरांनी थोरल्या मुलाला फोन लावला, त्याने भावाला झापलं आणि धाकट्याने दोन दिवस काढणी थांबवून आईला एसटीत बसवलं. मधल्या काळात नातीने दुकानात जायचं बंद केलं, तेव्हा आज्जींनी शेजारच्या सहावीतल्या पोराला पाठवायला सुरुवात केली, अशीही बातमी आशाताईंकडून आली.

तपासणीत कर्करोग निघाला नाही. पेशींमध्ये सुरुवातीचे बदल होते, सौम्य. मिश्री बंद करायची आणि दर तीन महिन्यांनी दाखवायचं. रिपोर्ट घेऊन त्या माझ्याकडे आल्या तेव्हा धाकटी सूनही बरोबर होती, आठवा महिना लागलेला. तिने सोडली म्हणाली. बोट बघितलं, स्वच्छ होतं.

आज्जींनी रिपोर्ट माझ्या टेबलावर सरकवला. "क्यान्सर न्हाई ना?"

"आत्ता नाही."

"मग थोडी थोडी लावू का?"