१.१, नॉर्मल

आपल्या मराठीत 'शीर' हा शब्द फार महागात पडतो. शुद्ध रक्ताची नळी, अशुद्ध रक्ताची नळी आणि मणक्यातून निघणारा मज्जातंतू, तिन्हींना आपण शीरच म्हणतो. त्यामुळे "पायाच्या शिरेचा त्रास" घेऊन निघालेला माणूस तीन वेगवेगळ्या दारांत जाऊ शकतो. माझं, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनचं, दार बहुतेक वेळा शेवटचं असतं.

अण्णा तसेच आले. सोलापुरात ४० वर्षं मागावर उभं राहिलेले. बायको विड्या वळणारी, हे ओढणारे. मधुमेह जुना. चालताना पोटरीत गोळा यायचा म्हणून आधी कमरेचा एमआरआय झाला. खरं तर एका प्रश्नात बरंच कळतं : नुसतं उभं राहिल्यावर दोन-चार मिनिटांत गोळा उतरतो, की बसावंच लागतं? बसावं लागत असेल तर मणक्याकडे बघा, नाहीतर रक्ताकडे. तो कुणी विचारला नाही. मग पायावर थोड्या फुगलेल्या शिरा दिसल्या. जन्मभर उभ्याचं काम, म्हणजे व्हेरिकोजच! एका लेझर सेंटरने घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी लांब शीर जाळून बंद केली आणि वर घट्ट मोजे चढवले. ज्या पायात आधीच रक्त पोचत नाही, तो बाहेरून आवळायचा. मोज्याखाली अंगठ्याला फोड आला, पुढे अंगठा काळा पडला.

मी घोट्यामागे जेली लावून डॉपलरची, रक्ताचा प्रवाह ऐकवणारी, कांडी टेकवली. निरोगी धमनीचा आवाज तीन ठेक्यांचा असतो, चाबकासारखा तुटक. इथे एकच लांब, दमलेला सुस्कारा. अण्णा कान देऊन ऐकत होते. "बंद पडायला आलेल्या मागासारखं वाजालंय ओ," म्हणाले. माझ्या ज्युनियरांना हे कळायला सहा महिने लागतात. मी त्यांना सांगत असतो, आकड्यावर जाऊ नका, आधी ऐका.

अँजिओग्राफीत मांडीची धमनी पार बंद, भिंतींत चुन्यासारखा कॅल्शियमचा लांबलचक पट्टा. घोट्याजवळ मात्र एक धमनी बारीक उजळत होती. मुलगा म्हणाला, "धमनीत फुगा फुगवून नाही का जमणार? एक डॉक्टर बिनटाक्याचं करतात म्हणे." प्रश्न रास्त होता. २०२२च्या बेस्ट-सीएलआय अभ्यासात, पायाची लांब शीर चांगली असलेल्यांना बायपास, म्हणजे बंद धमनीला शिरेचा वळसा, सरस ठरला. २०२३च्या बासिल-२ मध्ये, गुडघ्याखालच्या धमन्यांसाठी, उलट फुगा सरस. म्हणून नातेवाइकांना मी सांगतो, डॉक्टरला विचारा की तुम्ही फुगा आणि बायपास दोन्ही करता का. ज्याला एकच येतं, त्याच्याकडे प्रत्येक पाय त्याच उपचाराचा निघतो. अण्णांना माझ्या मते बायपासच हवा होता.

आणि बायपासला लागते तीच लांब शीर. जी त्या पायात जाळली होती.

त्या सेंटरबद्दल मी ओपीडीत जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. त्यांना पत्र लिहायचं म्हणून फाइल मागवली. लेझरच्या संमतीपत्राला एक कागद टाचलेला होता, आठ महिन्यांपूर्वीच्या मोफत शिबिराचा. 'एबीआय १.१, नॉर्मल. रक्तपुरवठा चांगला.' खाली सही माझी.

एबीआय म्हणजे घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा. ०.९च्या खाली गेला तर धमनीत अडथळा. पण जुन्या मधुमेहात धमनीची भिंत इतकी कडक होते की पट्टा कितीही फुगवला तरी ती दबत नाही, आणि दाब खोटाच जास्त येतो. अशा वेळी अंगठ्याचा दाब घ्यायचा, कारण बोटांतल्या धमन्या सहसा एवढ्या कडक होत नाहीत. हे मी शिकवतो! पत्र लिहिलं नाही.

ऑपरेशन सहा तास चाललं. दुसऱ्या पायाची शीर काढली. तिच्यातल्या झडपा रक्त खालून वर जाऊ देतात, म्हणून उलटी करून बसवली. घोट्याजवळचा जोड भिंगाच्या चष्म्यातून, केसाहून बारीक दोऱ्याने. क्लॅम्प सुटल्यावर कांडी टेकवली तेव्हा भूलतज्ज्ञसुद्धा वाकून ऐकायला आले. अंगठा गेला. पाऊल राहिलं, निदान आजपर्यंत.

चौथ्या दिवशी वॉर्डात त्या कागदाचं सगळं सांगितलं. मुलगा खिडकीकडे बघत राहिला. अण्णांनी बराच वेळ विचार करून विचारलं, "त्या दिवशी हे असं लावून ऐकला होता का ओ?"

त्या दिवशी दीडशे माणसांची रांग होती. पट्टे औषध कंपनीच्या पोराने बांधले, आकडा यंत्राने छापला आणि मी सह्या करत गेलो.

"नाही," मी म्हणालो.

"आम्ही माग कानानंच ओळखतो," अण्णा म्हणाले, आणि पाय पुढे केला.