राजारामपुरीच्या गच्चीवरची बायॉलॉजी

लीड्समधल्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात मी प्रयोगशाळा सांभाळते. सिक्स्थ फॉर्म म्हणजे आपली अकरावी-बारावी. एप्रिल आला की तिथल्या ग्रंथालयात बसायला खुर्ची मिळत नाही, पण आवाज म्हणाल तर फक्त हायलायटरची टोपणं काढण्या-लावण्याचा. बायॉलॉजीची चार-पाच मुलं एका टेबलाशी येऊन बसतात, कानात इअरफोन घालतात, रंगीत कार्डं पुढ्यात मांडतात आणि दोन तास एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत. त्यासाठी वेगळी खोली आधी नाव लावून राखून ठेवतात, आणि आत जाऊनही गप्पच! मला हे इतक्या वर्षांत पचलेलं नाही. मी कोल्हापूरची. आमच्याकडं एकत्र अभ्यास म्हणजे भांडण.

ईस्टरच्या सुट्टीत घरी आले तेव्हा हे भांडण आमच्याच गच्चीवर रोज संध्याकाळी चालू होतं. भाची नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसणार, आणि तिच्यासोबत आणखी तिघं. एक मंगळवार पेठेतला, पहाटे तालमीत जाऊन येणारा. एक शिरोळचा, वडिलांचा ऊस, हा दसरा चौकाजवळच्या एका बोर्डिंगात राहून शिकणारा. आणि एक कागलची, जी फारसं बोलत नाही पण बोलली की बाकीच्यांची तोंडं बंद. ऊन कलल्यावर गच्चीवर पाणी मारायचं, सतरंजी टाकायची, मधे भडंगाचं पातेलं, आणि सुरू.

नीटचं गणित ज्यांच्या घरात परीक्षार्थी नाही त्यांच्यासाठी सांगते. १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. त्यातले ९० प्रश्न, म्हणजे ३६० गुण, एकट्या बायॉलॉजीचे. उत्तर बरोबर आलं तर ४, चुकलं तर १ वजा. देशभरातून २० लाखांहून जास्त मुलं बसतात. त्यामुळं एनसीईआरटीच्या पुस्तकातली ओळ न् ओळ पाठ पाहिजे, आणि पाठ म्हणजे कशी? ‘उजव्या पानावर, आकृतीच्या खाली, दुसरी ओळ’ अशी. एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी तिच्यात खोट काढायची.

“चुकीचं सांगालास. ‘बहुतेक’ हाय तिथं, ‘सगळे’ न्हाई.”

“पान दाखव.”

“पान कशाला दाखवू, मला म्हाईत हाय.”

मग पान उघडलं जायचं, हरलेल्यानं खाली जाऊन चहा आणायचा. आई म्हणते यंदा घरात दूध कधी पुरलंच नाही.

हे नुसतं पोरखेळासारखं दिसलं तरी यामागं जोर आहे. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. काहींनी तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढं गेले. लीड्सच्या शिक्षकांच्या खोलीत या संशोधनाची चर्चा असते. गच्चीवरच्या चौघांनी त्या दोघांची नावंही ऐकलेली नाहीत, पण चहा आणायला लागू नये म्हणून रोज शंभरदा आठवत असतात.

कोल्हापुरात असं बसायची रीत जुनी आहे. शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचं व्हिक्टोरिया बोर्डिंग सुरू करून दिलं, त्याच साली जैन बोर्डिंग झालं, मग एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहत गेली. खेड्यातली पोरं शहरात येऊन एका छपराखाली शिकायला लागली. शिरोळचा पोरगा त्याच वळणानं इथं आलाय. बोर्डिंगात लाइट लवकर घालवतात, म्हणून उरलेलं भांडण तो गॅलरीत करतो म्हणे.

आता माझी तक्रार. चार पर्यायांच्या प्रश्नपत्रिकेनं ही पोरं ओळी शोधणारी झाली आहेत. हा धडा तिथं, तो धडा इथं, मधे भिंत. लीड्सला सिक्स्थ फॉर्मच्या शेवटी ए-लेव्हलची परीक्षा असते, तिच्या एका बोर्डाच्या बायॉलॉजीच्या तिसऱ्या पेपरात २५ गुणांचा एक निबंध असतो. दोन विषय देतात, एक निवडायचा, आणि अख्ख्या अभ्यासक्रमातले वेगवेगळे धडे त्या एका विषयाला जोडून दाखवायचे. लीड्सची मुलं या निबंधाला परीक्षेतल्या दुसऱ्या कुठल्याही प्रश्नापेक्षा जास्त घाबरतात. मी म्हटलं, गच्चीवर करून बघू.

“ऊस,” मी म्हणाले. “जेवढे धडे आठवतात तेवढे जोडा.”

“आत्ती, हे येणार न्हाई ओ पेपरला,” तालीमवाला लगेच.

पण ऊस म्हटल्यावर शिरोळकर गप्प कसा बसेल? त्यानं सुरुवात केली ती रट्टा मारूनच. मेसोफिल पेशीत पेप कार्बॉक्सिलेज, बंडल शीथमध्ये रुबिस्को, पहिलं स्थिर संयुग चार कार्बनचं, ऑक्झॅलोअ‍ॅसेटिक आम्ल, म्हणून सी-फोर. एका दमात. (पेप कार्बॉक्सिलेज आणि रुबिस्को ही कार्बन डायऑक्साइड पकडणारी एन्झाइमं, मेसोफिल आणि बंडल शीथ हे पानातल्या पेशींचे थर.) मी विचारलं, एवढा द्राविडी प्राणायाम ऊस करतो कशाला? गहू करत नाही. शांतता. ही ओळ पुस्तकात होती, पण प्रश्नाच्या या बाजूनं कुणी तिच्याकडं गेलंच नव्हतं.

कागलची हळूच म्हणाली, “रुबिस्को ऑक्सिजनपण पकडतंय ना?” आणि मग धागा सुटत गेला. उन्हाचा तडाखा वाढला की रुबिस्को कार्बन डायऑक्साइड सोडून ऑक्सिजन जास्त धरायला लागतं, प्रकाश-श्वसन होतं, केलेली कमाई वाया जाते. ऊस आधी कार्बन डायऑक्साइड गोळा करून बंडल शीथमध्ये कोंबतो, म्हणजे रुबिस्कोला दुसरं काही हाती लागूच नये. याची किंमत आहे: एका कार्बन डायऑक्साइडमागं गव्हाला ३ एटीपी, म्हणजे पेशीच्या ऊर्जेची नाणी, लागतात तिथं उसाला ५. शिरोळच्या उन्हात ती परवडते. इंग्लंडच्या गारठ्यात परवडायची नाही, म्हणून तिथं पिकवायची साखर येते बीटापासून, आणि शुगरबीट गव्हासारखंच, सी-थ्री. त्याच बीटाच्या लाल भावंडाचे तुकडे मी लीड्सला दर वर्षी कापून ठेवते. गरम पाण्यात टाकले की पेशीपटल फाटतं आणि रंग बाहेर येतो, हा तिथला ठरलेला प्रयोग.

मी त्यांना सांगितलं की या मार्गाला ज्यांचं नाव आहे त्या हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ साली तो मांडला तो ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला, एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत, उसाच्याच पानांवर काम करून. शिरोळकर उठून बसला. “म्हंजे कारखान्यानं शोधलंय की हे!” त्याच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो कारखान्याच्या चेअरमनलाही शोभला असता.

त्यानंतर मला बोलावंच लागलं नाही. भाचीनं जिब्रेलिन हे वनस्पतींच्या वाढीचं संप्रेरक काढलं: पुस्तकात लिहिलंय की उसावर फवारलं की खोड लांब होतं आणि एकरी २० टनांपर्यंत उत्पन्न वाढू शकतं. शिरोळकर हसायलाच लागला. “आमचे आबा मारत्यात की जीए. वाढतंय, पण २० टन? पुस्तक लिवणाऱ्याला म्हणावं एकदा रानात ये.” वडील वापरतात ते जीए आणि पुस्तकातलं जिब्रेलिक आम्ल एकच, हे त्याच्या त्या क्षणी डोक्यात आलं असावं, कारण तो एकदम थांबला. भाचीनं तेवढ्यात जिब्रेलिनचा शोध जिथून लागला तो भाताचा बाकाने रोग, त्याची बुरशी आणि १९२६ चा जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा उरकून घेतला. तिला कुठंही थांबवता येत नाही.

सगळ्यात भारी निघालं ते उसाच्या डोळ्यांचं, म्हणजे कांडीवरच्या कळ्यांचं. तालीमवाल्यानं ऑक्झिन हे दुसरं संप्रेरक आणि शेंड्याचं वर्चस्व सांगितलं, पुस्तकातल्यासारखं: वरची कळी खालच्या कळ्यांना फुटू देत नाही, म्हणून चहाची झाडं छाटतात. शिरोळकर म्हणाला, “थांब थांब. अख्खा ऊस आडवा लावला तर शेंड्याकडचेच डोळे फुटत्यात. म्हणून आपण एक डोळा, दोन डोळ्याची कांडी करतोय. ते हेच काय?” हेच. अकरावीच्या पुस्तकात चहाचा मळा आणि पोरगा वाढला उसाच्या फडात. कांडी तोडताना त्यानं कितीदा हात लावला असेल, पण बायॉलॉजीच्या वहीत तिला कधी प्रवेश नव्हता. पुस्तक लिहिणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की चहाच्या शेजारी उसाचं अर्धं वाक्य घाला, महाराष्ट्रातली निम्मी पोरं जागी होतील.

निबंध म्हणून गुण द्यायचे तर १५-१६ दिले असते. भाषा अस्ताव्यस्त, पण जोडणी अस्सल.

मग रविवार आला, आणि कोल्हापुरात रविवार म्हणजे मटण. दादा आणायला निघाला तेव्हा मी त्याला म्हटलं, एक हृदयपण आण, न कापलेलं, वरच्या नळ्यांसकट. लीड्सला दर वर्षी खाटकाकडून हृदयं मागवते तेव्हा निम्म्यांची वरची बाजूच छाटलेली येते, कर्णिका गायब, आणि मुलांना अर्धं हृदय बघावं लागतं. इथं दुकानदारानं फुप्फुसासकट अख्खं काढून दिलं आणि वर विचारलं म्हणे, पाहुणीला काय रस्सा जमतो का याचा.

आईनं स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. गच्चीवर जुन्या ताटात, नवं ब्लेड, हातमोजे. हृदयाची आकृती चौघांनीही वहीत कितीदा काढलेली, झडपांची नावं झोपेत विचारली तरी सांगतील. मी फक्त एवढंच विचारलं, यातली डावी बाजू कुठली? तिघांनी तीन उत्तरं दिली. वहीतलं हृदय कायम आपल्याकडं तोंड करून सपाट पडलेलं असतं, हातातलं कुठूनही फिरतं. तेव्हा बोटानं दाबून बघायला सांगितलं. एक बाजू मऊ, एक दगडासारखी. दगडासारखी ती डावी जवनिका, कारण तिला रक्त फुप्फुसात नाही तर सगळ्या अंगात ढकलायचंय. मग कापलं, आणि झडपांना ताणून धरणाऱ्या पांढऱ्या दोऱ्या दिसल्या. तालीमवाल्यानं एक दोरी चिमटीत धरून ओढली, तुटली नाही. “लई दमदार हाय की,” एवढंच म्हणाला आणि बराच वेळ ते ताट सोडेना. दुपारी तांबडा-पांढरा मात्र चौघांनी नेहमीसारखाच ओढला.

निघायच्या आधी मी ए-लेव्हलचा एक जुना पेपर त्यांना दिला, गुणदान पत्रिकेसकट. त्यातल्या शेऱ्यांत कुठलं उत्तर चालेल, कशाकडं दुर्लक्ष करायचं, काय साफ नाकारायचं हे लिहिलेलं असतं. यावर जी लढाई झाली ती नीटच्या कुठल्याही ओळीवर झाली नव्हती. ‘प्रोटीन मरतं’ लिहिलं तर गुण द्यायचा नाही, त्याची रचना बदलते असंच लिहिलं पाहिजे, हे तालीमवाल्याला अन्यायाचं वाटलं. “अर्थ कळला न्हवं? मग?” भाचीचं मत होतं की वजा गुण नसलेल्या परीक्षेबद्दल तक्रार करायची कुणाला सोयच नाही.

कागलच्या मुलीनं वाद घातला नाही. तिनं मूत्रपिंडाचा पाच गुणांचा प्रश्न घरी नेला आणि मी लीड्सला पोचल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तराचा फोटो पाठवला, निळ्या पेनानं, इंग्रजीत, एकही खाडाखोड नाही. मी तो आमच्या एका बायॉलॉजीच्या सरांना दाखवला. त्यांनी कॉफी पीत पीत वाचला आणि चार गुण दिले, म्हणाले माझ्या वर्गात अशी चार असती तर बरं झालं असतं. मी तिला तसंच कळवलं, कौतुकासकट.

तिचं उत्तर आलं तेव्हा कोल्हापुरात रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. “थँक्यू आत्ती. पण एक मार्क कुठं गेला ते सरांना विचारून सांगा. आणि ते म्हणाले ते शेऱ्यात कुठल्या ओळीत आहे तेपण.”