लसूणघास पिवळा पडला? युरियाआधी मुळं बघा

घास पिवळा दिसला की आपल्याकडे पहिला हात जातो युरियाच्या पोत्याकडे. चार दिवस वैरण हिरवी दिसते, पण मुळावरच्या गाठी (ज्यांतले जिवाणू हवेतलं नत्र पिकासाठी बांधतात) आणखी सुस्त होतात आणि पुढच्या कापणीला पुन्हा तेच.

आधी एवढं करा. खुरप्यानं वीतभर खोल मातीचा गड्डा उचला. रोप उपटू नका, कारण घासाच्या गाठी बारीक, लांबट आणि तंतुमुळांवर असतात, ओढलं की मातीतच राहतात. गड्डा बादलीत भिजवून माती सुटू द्या आणि गाठ नखानं चिरा. आत गुलाबी-लाल असेल तर नत्र तयार होतंय, तेव्हा पिवळेपणाचं कारण दुसरीकडे शोधायचं. पांढरट किंवा हिरवट असेल तर गाठ आहे, पण काम करत नाही. कापणीनंतर लगेच मात्र बघू नका. गाठी तेव्हा मंदावलेल्या असतात. दोनेक आठवडे जाऊ द्या.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याच्या तांबड्या, आम्ल रानात गाठी निकामी राहायचं एक मोठं कारण म्हणजे मॉलिब्डेनम या सूक्ष्म अन्नद्रव्याची कमतरता. नत्र बांधणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ते लागतंच, आणि सामू (मातीचा पीएच) साडेपाचच्या आसपास असला की मातीत असूनही मुळांना मिळत नाही. माती तपासून अहवालात येईल तेवढा चुना पेरणीआधी तीन-चार आठवडे मिसळला की बराच प्रश्न सुटतो. बियाण्याला किलोमागे १ ग्रॅम अमोनियम मॉलिब्डेट पुरे. जास्त टाकायचा मोह नको: वैरणीत मॉलिब्डेनम वाढलं तर जनावराच्या अंगात तांबं कमी पडतं, हगवण लागते, केसांचा रंग उडतो.

जिवाणू खत (गाठी करणाऱ्या जिवाणूंचं पाकीट) घेताना घासाचंच मागा. सोयाबीनचं पाकीट सगळीकडे मिळतं, पण त्याचे जिवाणू घासाच्या मुळावर गाठी करत नाहीत.

आता पालाश (पोटॅश), ज्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. जुन्या पानांच्या कडेला पांढरे-पिवळे बारीक ठिपके ओळीनं दिसले की पालाश कमी. हिशेब साधा आहे. गुंठ्यातून १०० किलो ओली वैरण कापली की साधारण २० किलो सुकं वजन आणि त्याबरोबर जवळपास अर्धा किलो पालाश रानाबाहेर जातो. पेरणीला हेक्टरी ४० किलो दिला म्हणजे गुंठ्याला जेमतेम ४०० ग्रॅम. एका कापणीलाच तो संपतो, पुढच्या कापण्या जमिनीच्या साठ्यावर चालतात. काळ्या रानात तो साठा काही काळ पुरतो, तांबड्यात लवकर उघडा पडतो. गोठ्याचं मूत परत रानात सोडा, जनावरानं खाल्लेल्या पालाशाचा मोठा भाग त्यातच असतो. ते जमत नसेल तर गुंठ्याला पाऊण-एक किलो म्युरेट ऑफ पोटॅश, दर कापणीनंतर थोडं विभागून.

स्फुरद (फॉस्फरस) कमी पडल्याची खूण पानावर ठळक येत नाही, नुसती वाढ खुंटते. गुंठ्याला ५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट पेरणीलाच मातीत गाडा. त्यातून गंधकही मिळतं. झिंक सल्फेट द्यायचं असेल तर त्यात मिसळून नको, वेगळं द्या.

शेंड्याचीच पानं पिवळी-लालसर, पेरं आखूड, शेंडा मरतोय आणि पाण्याच्या ताणाच्या दिवसांत हे वाढतंय, तर बोरॉन कमी. तुडतुड्यांनीही पिवळेपणा येतो, पण तो पानाच्या टोकाकडून इंग्रजी व्ही अक्षरासारखा आत जातो. पान उलटून तुडतुडे आहेत का बघा. बोरॅक्स गुंठ्याला १०० ग्रॅम, शेणखतात किंवा वाळूत मिसळून सारखा पसरा, बियाण्याजवळ नको. कमी आणि जास्त यातलं अंतर इथं फार थोडं असतं.

शिरोळ, हातकणंगल्याच्या चुनखडीच्या किंवा चोपण (सोडियमनं घट्ट झालेल्या) रानात गणित उलटं. तिथं कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसतो, म्हणजे लोह कमी. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट, सोबत १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, संध्याकाळी फवारा. पाणी साचत असेल तर मात्र आधी चर काढा. मुळं गुदमरत असताना फवारणीचा उपयोग होत नाही.